कडब्याचा रकाना



अध्यक्षाने संशोधनाचे गोडवे गावेत, तरुणांना शुभेच्छा द्याव्यात आणि खाली बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे. गोडवे आज सकाळपासून पुरेसे गाऊन झाले. तेव्हा माझ्या वाट्याच्या वेळात मी दोन हकिगती सांगतो. एक ज्वारीची, दुसरी मेंढीची.

१९६४ साली सीएसएच-१ हा देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. खरिपात तो आणि त्याच्यामागून आलेले वाण झपाट्याने पसरले. रब्बीत मात्र आपली डाळ शिजली नाही. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ठाण मांडून बसला होता, तो हलेना. आम्ही प्रात्यक्षिकं घेतली, शिवारफेऱ्या काढल्या. शेतकऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि पेरली मालदांडीच. अहवालात आपण लिहिलं, ‘शेतकरी नवे तंत्रज्ञान स्वीकारण्यास अनुत्सुक.’ अडाणी म्हणायची ही सरकारी पद्धत.

शेतकऱ्याचं गणित आपल्यापेक्षा पक्कं होतं. रब्बी ज्वारी उगवते ती पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर. पोंग्यात खोडमाशी शिरते, आणि दाणा भरायच्या वेळी ओल तुटली की खडखड्या रोग येऊन ताटं आडवी होतात. एवढ्यातून जे हाती लागतं, त्यातला दाणा घरात भाकरीला जातो आणि कडबा गोठ्यात. कडब्याचा भाव आजही शेकडा पेंढ्यांवर बोलला जातो. टंचाईच्या वर्षी गंजीतल्या कडब्याची किंमत कणगीतल्या दाण्याच्या बरोबरीला येते, कधी वरही जाते. आपल्या तक्त्यात रकाना होता हेक्टरी क्विंटलचा. ताटाची उंची आपण मोजत होतो, पण ते ताट बैल चवीनं खातो की नुसतं हुंगून सोडतो, हे कुणी लिहून ठेवत नव्हतं.

पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठानं वेगळा विचार केला. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, अशी जमिनीच्या खोलीप्रमाणे शिफारस झाली, आणि दाण्याच्या प्रतीबरोबर कडबाही हिशेबात धरला गेला. हे वाण लोकांनी घेतले. शेतकरी तोच होता, तक्ता बदलला होता.

आता मेंढी. आपली दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात मैलोन् मैल चालणारी, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. तिकडे सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. वजन जेमतेम १०-१५ किलो, पण जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून हाच गुण ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनोत उतरला, असं मानतात. २००१ साली त्याचं मूळ सापडलं. एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आहे, आणि त्यामुळे एका माजाला जास्त बीजं सुटतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गारोळचे नर आणून हा जनुक दख्खनीत उतरवला. पहिली पिढी जुळी द्यायची, पण अंगानं बारीक. म्हणून पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करायचा आणि प्रत्येक पिढीत जनुक असलेलीच पिल्लं ठेवायची. अडचण अशी, की नर मेंढ्याकडे बघून काही कळत नाही. त्याच्या लेकी विऊन दाखवतील तेव्हा कळणार, म्हणजे दोन-तीन वर्षं गेली. जनुक सापडल्यावर रक्ताच्या थेंबावरून कोकराचीच परीक्षा करता येऊ लागली, आणि त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ मिळाली. त्यातून तयार झाली सुवर्णा. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला एका वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं.

इथवर ही यशोगाथा कुठल्याही परिसंवादात शोभेल. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. धनगराच्या वाड्यावर जुळं झालं की काय होतं? धट्टं कोकरू सडाला लागतं, दुसरं मागे रेटलं जातं. पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेला नाही तर दुसऱ्या दिवशी ते मान टाकतं. बाईमाणूस त्याला धरून कासेला लावतं. आटलेल्या आईचं असेल तर शेळीचं दूध पाजतं. कळप वाटेवर असेल, तर चालू न शकणारी कोकरं तट्टावर लादायची. जुळी म्हणजे तट्टावरचं ओझं दुप्पट, आणि गाभण मेंढीला शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात जास्तीचा चारा. तेव्हा ‘जुळी हवीत का’ या प्रश्नाला धनगर जे उत्तर देतो ते ‘चारा आहे का’ असं असतं. फलटणकरांनी मेंढ्या संस्थेच्या गोठ्यातच न ठेवता मेंढपाळांच्या कळपांत दिल्या, आणि किती जन्मली यावर न थांबता किती जगली, किती वाढली, याच्याही नोंदी ठेवल्या. कंटाळवाणं काम आहे. पण नवी मेंढी धनगराला परवडते का, हे त्या वहीतच कळतं.

पीक आणि जनावर यांचा हिशेब एकत्र न होण्याचं एक कारण आपल्या रचनेतही आहे. आपली पशुवैद्यक महाविद्यालयं २०००मध्ये वेगळ्या विद्यापीठाखाली गेली. त्याचे फायदे झालेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्वारीचा पैदासकार आणि जनावरांचा आहारतज्ज्ञ एका टेबलावर बसायचे प्रसंग कमी झाले. शेतकऱ्याच्या घरी मात्र ज्वारी आणि गाय यांच्यात एका कुडाचं अंतर असतं. शिवाय आपले प्रकल्प तीन वर्षांचे, आणि मेंढीच्या तीन पिढ्या व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. पैसा देणाऱ्यांना हे सांगायचं काम आपलंच आहे. त्यांना मेंढी विते कधी, हे माहीत असायचं कारण नाही.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, कृषी विद्यापीठांच्या जॉइंट अॅग्रेस्को बैठकीत येणाऱ्या तृणधान्याच्या प्रत्येक वाण-शिफारशीत धान्याच्या रकान्याशेजारी वैरणीचं वजन आणि तिची पचनीयता यांचे रकाने सक्तीचे असावेत, आणि त्या बैठकीला एक पशुआहारतज्ज्ञ मताधिकारासह असावा. दुसरा, जनावरांच्या पैदाशीचा कोणताही प्रकल्प गोठ्यातल्या आकड्यांवर पूर्ण झाला असं न मानता पशुपालकांच्या कळपातल्या किमान दोन वेतांच्या नोंदी मागाव्यात. दुसऱ्या ठरावानं आपल्यापैकी काहींच्या पदोन्नत्या लांबतील, याची मला कल्पना आहे. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या लेखी द्या, आणि उद्या सकाळच्या चहाआधी द्या.