कबुलीची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही कायद्यावर काय बोलणार, असे तुम्हांस वाटेल. पण घरात घडले तेवढे सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा टेम्पो चालवतो. 2020 साली त्याच्या टेम्पोत चोरीचा मोबाईल सापडला. ‘मी घेतला नाही’ असे तो पहिल्या दिवसापासून म्हणे. पण तारखेमागून तारीख पडे आणि दर तारखेला मजुरी बुडे. दोन वर्षांनी कोणी सुचविले, प्ली बार्गेनिंग करा. ही सोय आपल्याकडे 2006 पासून आहे. सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे, तसेच बायकांवरचे व मुलांवरचे गुन्हे तीत बसत नाहीत. आरोपीने आपण होऊन अर्ज करावयाचा, फिर्यादीशी भरपाईचे ठरवावयाचे, म्हणजे शिक्षा हलकी होते.

त्याने मला विचारले, ‘मावशी, मग मी चोरच ठरणार ना?’ मी म्हटले, ‘अरे, कागदावरचे ते! एकदा मान सोडव.’ खोटे कशाला सांगू? बहिणीचे हाल मला बघवत नव्हते.

न्यायाधीशांनी फिर्यादीला बाहेर ठेवून त्याला एकट्याला विचारले, स्वखुशीने करतोस ना? तो ‘हो’ म्हणाला. तो ‘हो’ मी शिकविलेला होता.

भरपाई दिली, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला. आम्ही पेढे वाटले. पुढे एका नोकरीच्या फॉर्मात प्रश्न आला, पूर्वी दोषी ठरला आहात काय? तेव्हा आम्ही अपिलाची चौकशी केली. वकीलबाई म्हणाल्या, या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट, नाहीतर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीचा अर्ज, एवढीच वाट. आमच्यासारख्यांना ती कुठली झेपायला! जुलै 2024 पासून नवा कायदा आला, त्यातही हे तसेच आहे. उलट आता आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांतच अर्ज करावा लागतो.

विधी सेवा समितीचा फुकट वकील असतो, बायकांना तर उत्पन्न न बघता मिळतो, फोन 15100, हे मला सगळे मागाहून कळले.

मुलगा अजून टेम्पोच चालवतो. दिवाळीला फराळाला आला होता. कोणी मोबाईलचा विषय काढला तसा उठून ओट्यावर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले, पण बोलायचे ते बोलवले नाही.

चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.