तन्नूरीनचा बर्फ

धबधबा म्हटला की आपल्याला आषाढ-श्रावण आठवतो. लेबनॉनच्या उत्तरेला, बतरून जिल्ह्याच्या डोंगरात तन्नूरीन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथला धबधबा मात्र वसंतात, बर्फ वितळू लागला की जागा होतो आणि उन्हाळ्यात आटतो.

गाव मॅरोनाईट ख्रिश्चनांचं. संत मारून यांच्या नावाचा हा पंथ रोमच्या पोपना मानतो, पण उपासनेत अजून सिरियाक भाषा जपतो. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचीही हीच जुनी पूजेची भाषा, बरं का!

तर हा धबधबा कोसळतो तो जमिनीच्या पोटात. बातारा नावाची ही गर्ता तब्बल २५५ मीटर खोल आहे आणि तिच्या तोंडाशी एकावर एक असे तीन दगडी पूल निसर्गानेच बांधले आहेत. फ्रेंच संशोधक आंरी क्वाफे यांनी १९५२ मध्ये ती जगापुढे आणली. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. तो झिजतो, पण विरघळत नाही. तिथला चुनखडक मात्र किंचित आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळतो. मग खाली गेलेलं पाणी जातं कुठे? १९८८ मध्ये त्यात रंग मिसळून पाहिला, तेव्हा ते दल्ले इथल्या झऱ्यातून बाहेर येतं असं कळलं.

गावाजवळच सीडर वृक्षांचं मोठं जंगल आहे. सीडर म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा भाऊ. लेबनॉनच्या झेंड्यावर तोच आहे. हे जंगल १९९९ मध्ये राखीव झालं. पण त्याच सुमारास झाडं करपल्यासारखी दिसू लागली. कोवळ्या सुया खाणारी एक अळी सापडली, विज्ञानाला तोवर अपरिचित. २००२ मध्ये तिचं शास्त्रीय नामकरण झालं, तेही तन्नूरीनच्याच नावावरून! गावाला असला मान कोण मागेल?

हा कीटक मुळात जमिनीतच राहणारा. माती थंड आणि ओली असली की तो एकेक, दोन-दोन वर्षं आत झोपून काढतो. बर्फ कमी पडू लागला, माती लवकर तापून सुकू लागली, तशी त्याची झोप उडाली. हेलिकॉप्टरने फवारणी करून त्याला बराच आवर घातला गेला. सीडरच्या बियांचंही तसंच आहे. पूर्वी मे महिन्यात वर येणारे कोंब आता एप्रिलमध्येच डोकं काढतात आणि मागाहून आलेल्या थंडीच्या लाटेत करपून जातात.