एटॉय सोडा, स्ट्रटोल धरा

पंपाच्या कंट्रोलरला ३० मिनिटांचं सेटिंग द्यायचं होतं. मी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला. सी भाषेतल्या एटॉयनं ३ वाचला, पुढचं मुकाट सोडून दिलं. पंप तीन मिनिटांत बंद! दोन दिवस आम्ही वायरिंग तपासत बसलो.

एटॉय चूक सांगतच नाही. ‘एबीसी’ला ० आणि खऱ्या शून्यालाही ०. म्हणून आता स्ट्रटोल वापरतो. आधी एररनो शून्य करा, बेस १० द्या, मग एंडपॉइंटर बघा. तो सुरुवातीलाच राहिला तर आकडा नव्हताच. स्ट्रिंगच्या टोकाला पोचला नाही तर मागे कचरा आहे. एररनोमध्ये ईरेंज आलं तर संख्या लाँगमध्ये मावली नाही. आणि हो, इंटमध्ये भरताना मर्यादा पुन्हा तपासा. ६४ बिटी लिनक्सवर लाँग इंटच्या दुप्पट असतो.