सैनिकाचा कान आणि शेंकड्याचा हिशेब

तोफेच्या गोळ्यानें हात तुटला तर तो सर्वांस दिसतो. तोफेच्या आवाजानें कान गेला तर तें ज्याचें त्यालाच ठाऊक. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा न दिसणाऱ्या व्यंगाचें माप माजी सैनिकांचें सरकारी खातें शेंकड्यांनीं करतें. शून्यापासून शंभरापर्यंत दहादहाच्या पायऱ्या आहेत. पायरी चढेल तशी मासिक भरपाई वाढते, आणि शून्याच्या पायरीवर रोख कांहींच मिळत नाहीं.

श्रोत्यांस हें माप प्रथम विचित्र वाटेल. मधल्या कानाच्या जुनाट पुवाळ रोगाला शेंकडा १० आहेत. पण पू वाहत असेल किंवा कानांत मांसाचा कोंभ वाढला असेल तरच. पडद्याला भोंक पडलें, तर त्या भोंकाबद्दल शून्य. कानांत गुणगुण चालत असेल तर १०, मग ती एका कानांत असो कीं दोन्ही. दोन कान असतां दहा एकदांच कां, हा प्रश्न न्यायालयांत गेला होता. २००६ सालीं फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयानें खात्याचाच अर्थ ग्राह्य धरला. मेनिअरच्या रोगांत बहिरेपणाबरोबर भोवळ येते. ती महिन्यांतून एकदांहून कमी आली तर ३०, आणि तोल जाऊन पाय अडखळण्याइतकी, आठवड्यांतून एकदांहून अधिक आली तर १००. निव्वळ बहिरेपणाची परीक्षा निराळी. ती श्रवणयंत्र काढून, निःशब्द खोलींत होते. तेथें शब्द बरोबर ओळखणारा मनुष्य भरल्या बाजारांत बहिरा असूं शकतो, हें कोष्टकाला कळत नाहीं.

पत्रांत शून्य पाहून सैनिक निराश झाला तर नवल नाहीं. पण शून्य आणि नकार यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. नकारांत कानाचा व नोकरीचा संबंधच अमान्य होतो. शून्यांत तो मान्य झालेला असतो. त्या कानाचा औषधोपचार खात्याकडून होतो, आणि पुढें दुखणें वाढलें तर वाढ तेवढी दाखवावयाची, मूळ पुन्हां सिद्ध करावयाचें नाहीं. इतकेंच नव्हे, तर शून्य ठरलेलीं दोन कायमचीं दुखणीं कामधंद्यास स्पष्ट अडथळा करीत असतील आणि दुसरी कोणतीहि भरपाई मिळत नसेल, तर १० देतां येतात. शून्यांची अशी बेरीज अंकगणितांत बसत नाहीं, कायद्यांत बसते! संबंध ठरवितांना दोन्ही बाजूंचा पुरावा सारखा भरला, तर निर्णय सैनिकाच्या बाजूनें द्यावा, असाहि नियम आहे.

खरी अडचण वाहणाऱ्या कानाची. तो आज वाहतो, आठ दिवसांनीं कोरडा असतो. तपासणी कोरड्या दिवशीं झाली कीं दहाचें शून्य होण्याचें भय. कमीअधिक होणारा रोग जोरांत असतां तपासावा, असा निर्णय १९९४ सालीं माजी सैनिकांच्या अपिलांच्या न्यायालयानें दिला. तो खटला कातडीच्या रोगाचा होता, पण तत्त्व कानालाहि लागू पडतें. सैनिक मात्र कान वाहूं लागला कीं कापसाचा बोळा घालून कामावर जातो, डॉक्टरच्या दप्तरीं त्याची नोंद होत नाहीं, आणि नेमल्या तारखेस तो कोरडा कान घेऊन हजर राहतो.