परदेशी शिकणाऱ्या मुलांची कमाई आणि तेथील प्राप्तिकर

(मंडळाच्या दादर येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या दिवशी करासारखा रूक्ष विषय घेऊन उभे राहणे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आज ज्यांना आपण श्रीफळ दिले त्यांतील काही मुले लवकरच अमेरिकेस निघणार आहेत. त्यांच्या आईबापांनी विद्यापीठाची चौकशी केली, थंडीची केली, कुकर कोणता न्यावा याचीही केली. कराची चौकशी कोणी केल्याचे आमच्या कानी आले नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य खडूफळ्यापाशी गेले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? तो आमच्याच एका चुकीतून आला आहे.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा २०१८ साली तेथे शिकत असता विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करी. २०१९ च्या होळीच्या सुमारास त्याचा फोन आला : “मामा, माझ्या पगारातून कर कापला आहे, कसले विवरणपत्र भरायचे म्हणतात.” आम्ही ठामपणे सांगितले, “अरे, एवढ्याशा मिळकतीवर कसले विवरणपत्र? कापले ते कापले. तू अभ्यास कर.” मामा शिक्षक, म्हणून त्याने ऐकले. पुढे २०२३ साली स्थायी वास्तव्याच्या अर्जासाठी वकिलाने मागील सर्व वर्षांची विवरणपत्रे मागितली, तेव्हा ते एक वर्ष रिकामे निघाले. उशिराने पत्र भरले. देणे काहीच नव्हते म्हणून दंड लागला नाही. उलट चारशेच्या वर डॉलर त्याचे घेणे होते आणि परत मागण्याची तीन वर्षांची मुदत टळून गेली होती. तेव्हाच्या भावाने ते सुमारे २८ हजार रुपये होतात. त्याच वर्षी आमच्या बहिणीच्या पाटल्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यापायी गहाण होत्या. भाच्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे अधिकच लागले.

त्यानंतर आम्ही जाणकारांकडून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

एफ-१ परवान्यावर गेलेल्या विद्यार्थ्यास सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. या वेतनातून कर आगाऊ कापला जातो. कर लागू आहे की नाही, हे वर्ष संपल्यावर विवरणपत्रात ठरते. करवर्ष तेथे जानेवारी ते डिसेंबर असते, आपल्यासारखे एप्रिलपासून नव्हे. मालकाने जानेवारीअखेर डब्ल्यू-२ नावाचा वेतनदाखला द्यावयाचा असतो आणि विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत जावयास हवे.

येथे मुले हमखास फसतात ती पत्र निवडताना. करापुरता विद्यार्थी पहिली पाच पंचांगवर्षे ‘अनिवासी’ धरला जातो. त्याचे पत्र १०४०-एनआर. खोलीतील सोबती सांगतो म्हणून निवासी लोकांचे १०४० भरले, तर हक्क नसलेल्या सवलती पदरात पडतात आणि पुढे त्या व्याजासह परत कराव्या लागतात. पाच वर्षे मोजताना एक दिवसही राहिलेले वर्ष पुरे धरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गेलेल्याचे पहिले वर्ष २०२५ आणि पाचवे २०२९. याखेरीज ८८४३ क्रमांकाचे एक पत्र आहे. एक पैसाही न मिळवलेल्या मुलाने तेदेखील भरावयाचे असते, आणि नेमके तेच राहून जाते.

आता आनंदाची गोष्ट. भारत व अमेरिका यांच्यात १२ सप्टेंबर १९८९ रोजी दिल्लीस करविषयक करार झाला. तो १८ डिसेंबर १९९० पासून अंमलात आहे. त्याच्या २१ व्या कलमान्वये भारतीय विद्यार्थ्यास तेथील रहिवाशाप्रमाणे ठोक वजावट मिळते. इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांस ती नाही. २०२५ सालासाठी एकट्या माणसाची ही वजावट १५,७५० डॉलर होती. तासाला १५ डॉलरप्रमाणे २० तास, असे ३० आठवडे काम केले तर ९,००० डॉलर होतात. म्हणजे त्यावर केंद्राचा कर शून्य. कापला असल्यास सारा परत. बापाने येथून पोटापाण्यास व फीस धाडलेल्या पैशावरही त्याच कलमाने तेथे कर नाही. राज्यांचे कर मात्र निराळे. कॅलिफोर्निया हा करार मानीत नाही. टेक्सासमध्ये वेतनावर राज्याचा करच नाही.

दुसरी कपात सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांची, दोन्ही मिळून ७.६५ टक्के. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्यास ती माफ आहे, शिक्षणानंतरच्या प्रशिक्षणकाळातील नोकरीतही. कित्येक मालकांस हे ठाऊक नसते. ९,००० डॉलरांवर ही रक्कम ६८८ डॉलर होते. ती प्रथम मालकाकडे मागावी. त्याने नाकारल्यास ८४३ क्रमांकाच्या अर्जाने सरकारकडे. हॉटेलात रोखीने चोरून काम करण्याविषयी मात्र आम्ही एवढेच म्हणू की त्यात कर चुकतोच, शिवाय परवानाही जातो.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या हिंदू कॉलनीत ज्यांचे ‘राजगृह’ उभे आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले १९१३ च्या जुलैत. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेचा आधुनिक प्राप्तिकराचा कायदा झाला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू सेलिग्मन हे या कराचे मोठे पुरस्कर्ते. तेव्हा एकट्या माणसास ३,००० डॉलरपर्यंत माफी होती, त्यामुळे विद्यार्थ्यास त्याची झळ पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. बाबासाहेबांनी पुढे सरकारी जमाखर्चावरच ग्रंथ लिहिला आणि त्यास प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे.

समोर बसलेल्या मातांनी दर मार्चमध्ये मुलास फोनवर जेवलास का हे विचारून झाल्यावर ‘डब्ल्यू-२ आला का’ हेही विचारावे. उत्तर समजले नाही तरी हरकत नाही. आमचा भाचा हल्ली दर एप्रिलमध्ये भरलेल्या पत्राची प्रत आम्हांस धाडतो. आम्हांस ती पुरती कळते असे नाही. पण चष्मा लावून तारीख तेवढी पाहतो.