खाणीतील बचाव स्पर्धा आणि आपल्या गावची विहीर

(असीरगड येथे परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



असीरगडाच्या पायथ्याशी उभे राहून कोळशाच्या खाणीविषयी बोलावयाचे, हे आपणांपैकी अनेकांना विचित्र वाटेल. आपल्या भागात केळी आहेत, कापूस आहे, ऊस आहे. कोळशाची खाण नाही. परंतु याच सातपुड्याच्या रांगेने पूर्वेस गेले असता बैतूल जिल्ह्यातील पाथाखेडा लागते, पुढे छिंदवाडा जिल्ह्यात पेंच आणि कन्हान खोऱ्यांतील खाणी लागतात, आणि डोंगर उतरून दक्षिणेकडे वळले की नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील खाणींचा प्रदेश सुरू होतो. नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी या सर्व भागांत कोळसा काढते. तेथील कामगारांत मराठी बोलणारे, हिंदी बोलणारे, गोंडी बोलणारे असे सर्व प्रकारचे लोक आहेत. त्यांनी फार मोठी किंमत देऊन जी विद्या मिळविली, तिचा आपल्याशी काय संबंध आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा संबंध विहिरीचा आहे. आपल्या शेजारच्या खंडवा जिल्ह्यातील कोंडावत या गावी ३ एप्रिल २०२५ रोजी गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करण्याचे काम निघाले होते. आधी उतरलेली माणसे गाळात व विषारी वायूत सापडली. त्यांना वाचविण्यासाठी आणखी माणसे उतरली. एकूण आठ जणांचा अंत झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी येथे शेणाच्या रबडीने भरलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढावयास एक उतरला, त्याला काढावयास दुसरा, त्याच्यामागे तिसरा. असे करता करता पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण मात्र वर ओढला गेला आणि वाचला.

या दोन्ही गावांतील माणसे भित्री नव्हती. आपला माणूस खाली पडला असता काठावर स्वस्थ उभे न राहणारी, मायाळू आणि धाडसी अशी ती माणसे होती. त्यांच्या धैर्याला शिस्तीची जोड मिळाली नव्हती, कारण ती शिस्त त्यांना कोणी कधी शिकविलीच नव्हती. खाणीतील बचाव स्पर्धा नेमकी हीच गोष्ट शिकवितात.

प्रथम वायूविषयी दोन शब्द. बंद, खोल जागेत पालापाचोळा आणि गाळ कुजला की कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो, आणि त्याला रंग नसल्यामुळे वरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा. परंतु प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच मरते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणूस समजतो. विहिरीच्या आत डिझेल इंजिन चालविले तर धुरातून कार्बन मोनॉक्साइड येतो; त्याला रंगही नाही आणि वासही नाही. शेणाच्या खड्ड्यातून निघणारा मिथेन हवेत साधारणतः ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. कोळशाच्या खाणीत माणसाला मारणारे वायू याच कुळातील आहेत. विहीर म्हणजे एकच तोंड असलेली लहानशी खाण होय.

खाणकामगारांनी हे ज्ञान सहज मिळविलेले नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार दगावले. नोव्हेंबर १९७५ मध्ये नागपूरजवळच्या सिल्लेवाडा खाणीत अशाच रीतीने १० जण गेले, आणि त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे ३७५ जणांना जलसमाधी मिळाली. अशा अनेक आघातांतून नियम कडक होत गेले. पुढे खाण बचाव नियम, १९८५ आले आणि त्यांनुसार बचाव केंद्रे व बचाव कक्ष ठेवणे, कामगारांतून निवडलेल्या माणसांना प्रशिक्षण देणे, आणि त्यांचा सराव सतत चालू ठेवणे बंधनकारक झाले.

आता सराव म्हटला की एक अडचण येते. अपघात रोज होत नाहीत, आणि होऊही नयेत. मग वर्षानुवर्षे प्रसंगच आला नाही तर शिकलेली विद्या अंगात टिकावी कशी? यावर उपाय म्हणून स्पर्धा निघाल्या. अमेरिकेत १९११ साली पिट्सबर्ग येथे पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट त्याला स्वतः उपस्थित होते. १९९९ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. आपल्या देशातही अखिल भारतीय खाण बचाव स्पर्धा भरते. कोळशाच्या व धातूंच्या खाणींची पथके तीत उतरतात, आणि यजमानपद निरनिराळ्या कंपन्यांकडे जाते.

या स्पर्धेत होते तरी काय? लेखी परीक्षा असते, प्रथमोपचाराची परीक्षा असते, आणि मुख्य म्हणजे खाणीसारख्या बांधलेल्या अंधाऱ्या बोगद्यात कल्पित अपघात मांडलेला असतो. कोठे धूर, कोठे ढासळलेले छत, कोठे जखमी कामगार म्हणून ठेवलेला पुतळा. आत काय मांडले आहे हे पथकाला आधी कळू देत नाहीत. पाच-सहा जणांचे पथक पाठीवर सुमारे १५ किलोचे श्वसनयंत्र चढवून उभे राहते. या यंत्रात प्राणवायू सुमारे चार तास पुरतो. आत जाण्यापूर्वी पथकप्रमुख प्रत्येकाचे यंत्र तपासतो. शुद्ध हवा असलेल्या शेवटच्या जागी तळ मांडलेला असतो. तेथे आत गेलेल्यांची नोंद ठेवणारा माणूस असतो, आणि गरज पडल्यास मदतीस धावणारे दुसरे पथक सज्ज असते. आत शिरल्यावर छत ठोकून पाहावयाचे, वायू मोजावयाचा, मगच पुढचे पाऊल टाकावयाचे. तोंडावर यंत्र असल्यामुळे बोलणे कठीण जाते, म्हणून भोंग्याच्या ठरलेल्या खुणांनी पुढे चला, थांबा, मागे फिरा असे सांगितले जाते. ठराविक वेळाने प्रत्येकाचा प्राणवायू पाहतात, आणि ज्याचा सर्वांत कमी उरला असेल त्याच्या हिशोबाने सर्वांनी परत फिरावयाचे.

परीक्षक हातात वही घेऊन बाजूने चालत असतात. वायू न मोजता पुढे गेलात, गुण कापले. टेकू न देता ढासळत्या छताखाली गेलात, गुण कापले. जखमीला चुकीच्या रीतीने स्ट्रेचरवर घेतले, गुण कापले. वेळेचाही हिशोब असतो. परंतु घाई करून नियम मोडणारे पथक नुसत्या वेगाच्या बळावर जिंकत नाही. आत माणूस आहे हे ठाऊक असूनही प्राणवायू संपत आला तर परत फिरण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि ती पाळावी लागते. बचावाच्या विद्येतील सर्वांत कठीण धडा हाच आहे. स्पर्धेत चूक झाली तर गुण जातो. खऱ्या प्रसंगी तीच चूक जीव घेते. म्हणून चुका करावयाच्या त्या स्पर्धेत करून घ्याव्यात.

कोणी म्हणेल, हा सारा देखावा आहे; ढाली आणि पदकांसाठी निवडक माणसांची तयारी करून घेतात आणि बाकीचे तसेच राहतात. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. स्पर्धा हेच साध्य होऊन बसले तर ती निरुपयोगी ठरेल. परंतु कुस्तीच्या फडामुळे गावोगाव तालमी चालू राहिल्या, ही गोष्ट आपण जाणतोच. फडात उतरणारे थोडे असतात. तालमीत घाम गाळणारे पुष्कळ असतात.

शिस्तीचे फळ कसे असते, याची दोन उदाहरणे देतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणीगंजजवळच्या महावीर खाणीत पाणी शिरले. वरून छिद्र पाडून त्यातून पोलादी कुपी सोडण्यात आली, आणि जसवंतसिंग गिल या अभियंत्याने स्वतः खाली उतरून एकेक करीत ६५ कामगारांना वर पाठविले. धैर्य त्यांच्याजवळ होतेच; परंतु छिद्र झाल्यावर, कुपी तयार झाल्यावर आणि दोर तपासल्यावर ते उतरले. दुसरे उदाहरण उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्याचे. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ मजूर अडकले. त्यांना नळीवाटे हवा व अन्न पोहोचविण्यात आले, यंत्र मोडले तेव्हा शेवटचे काही मीटर हातांनी खणण्यात आले, आणि सतरा दिवसांनी सर्वच्या सर्व सुखरूप बाहेर आले. एकाही बचावकर्त्याने उतावीळपणे उडी घेतली नाही.

आपल्या बुऱ्हाणपूरलाही भूमिगत कामाची मोठी परंपरा आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात तयार झालेला कुंडी भंडारा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. जमिनीखालील पाण्याच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. अशा रचनेत कुंड्यांतून माती वर काढता येते आणि खाली काम करणाऱ्यास हवा मिळते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या जाणकारांनी जी काळजी घेतली, ती आपण एकट्या विहिरीत उतरताना का घेऊ नये?

म्हणून माझी सूचना अशी आहे. दर वर्षी फाल्गुन-चैत्रात, विहिरींचा गाळ काढण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, पंचायतींनी मिळून विहीर-बचावाची स्पर्धा भरवावी. प्रत्येक गावाचे पाच-सहा जणांचे पथक असावे. विहीर निर्धोक व पाण्याविना असावी, आणि खाली माणसाऐवजी पुतळा असावा. गुण असे द्यावेत. घटना कळताच ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला काय, याला गुण. गर्दी काठापासून मागे हटविली काय, याला गुण. खालचा माणूस शुद्धीवर असेल तर वरूनच दोर, ट्यूब किंवा दोरांना बांधलेली बाज सोडली काय, याला गुण. पंख्याने ताजी हवा खाली सोडली काय, वायुमापक दोराने तळापर्यंत सोडून पाहिला काय, श्वसनयंत्र आणि छाती-मांड्यांना बांधावयाचा पट्टा यांवाचून कोणास उतरू दिले नाही ना, वर दोर धरणारे पुरेसे होते ना, हे सर्व तपासावे. वर काढलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याची योग्य रीत किती जणांना येते, तेही पाहावे. आणि जो वायू न तपासता, दोरावाचून खाली उडी घेईल, त्याचे पथक तत्क्षणी बाद करावे. ही शिक्षा मुलांच्या ध्यानात जन्मभर राहील.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. कंदील विझला तर उतरू नये हे खरे. परंतु तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मिथेन असेल तर तोच कंदील स्फोट घडवील. तसेच नाकावर ओले फडके बांधल्याने वायू अडत नाही आणि प्राणवायूही मिळत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, हे चार नियम त्यांनी शाळेच्या भिंतीवर लिहावेत. घरी जाऊन बापाला आणि काकाला अडविणारे मूल गावाचा मोठा आधार असते. अधिकाऱ्यांना विनंती आहे की, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्ह्याची यंत्रणा आहेच. तीतून निदान तहसिलीच्या ठिकाणी एक वायुमापक, एक पंखा, पट्टे, दोर आणि श्वसनयंत्रे ठेवली जावीत, आणि ती चालविणारी माणसे तयार असावीत. खाणींच्या बचाव केंद्रांतील अनुभवी प्रशिक्षकांना बोलावून घेता आले तर फारच उत्तम.

ग्रामस्थांना मात्र एकच गोष्ट सांगतो. विहिरीत कोणी पडला, तर काठावर थांबून मदत बोलाविणाऱ्यास भित्रा म्हणू नका. त्याच्या थांबण्यामुळे मागचे चार जीव वाचलेले असतात, आणि खालच्यालाही वाचण्याची खरी संधी त्याच्याचमुळे मिळते. 

जय हिंद.