जत्रेतला गाळा की दुकानदाराची ऑर्डर?

आमच्या गटांपैकी एका गटातल्या बायका मातीच्या वस्तू करतात. सुगडं, पणत्या तर आहेतच, पण दोन-तीन वर्षांपासून नक्षीचे दिवे, फुलदाण्या, भिंतीवर लावायच्या तबकड्याही होतात. शहरातल्या कलादालनांत असा माल बघून त्या विचारतात, आपला माल तिथं कसा जाईल? गटाच्या बचतीतले पैसे घालून कोणत्या प्रदर्शनात गाळा घ्यावा? पैसे सगळ्यांचे आहेत, म्हणून आम्ही यावर दोन बैठका घेतल्या. त्यात जे ठरलं ते आज सांगतो.

आपण लोणंदच्या बायका, दोन्ही बाजार आपल्याला ठाऊक आहेत. माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा रस्त्याकडेला बसून विकतो, ती किरकोळ विक्री. आणि बाजार समितीत कांद्याची गाडी उतरते, ती घाऊक. प्रदर्शनांचंही तसंच आहे. मुंबईतलं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा, माणदेशी महोत्सव इथं येणारं गिऱ्हाईक स्वतःच्या घरासाठी घेतं. एक दिवा घेईल, दोन घेईल. रोख पैसे मिळतात, लोकांना काय आवडतं ते कळतं. पण कलादालनवाला भेटलाच तर योगायोगानं.

घाऊक प्रदर्शन वेगळं. ग्रेटर नोएडात हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषद वर्षातून दोनदा मोठा मेळा भरवते, एक वसंतात, एक ऑक्टोबरच्या सुमारास. तिथं किरकोळ गिऱ्हाइकाला आत सोडतच नाहीत. येतात ते परदेशी खरेदीदार, त्यांचे इथले प्रतिनिधी आणि आपल्या देशातले मोठे दुकानदार. अमेरिकेत फिलाडेल्फियात तर फक्त दुकानं आणि कलादालनांसाठी असं हस्तकलेचं प्रदर्शन कित्येक वर्षं भरत असे. अशा ठिकाणी माल विकायचा नसतोच. नमुने मांडायचे, ऑर्डर लिहून घ्यायची, आणि ठरल्या तारखेला माल पोचवायचा.

कांद्यात आणि यात एक मोठा फरक आहे. कांद्याचा भाव व्यापारी पुकारतो. इथं भाव आपण कागदावर छापून न्यायचा, आणि मग त्याला चिकटून राहायचं. म्हणून हिशेब आधी करावा लागतो. समजा एक फुलदाणी. माती, जळण, रंग साठ रुपये. घडवायला, घासायला लागणारा वेळ, त्याची मजुरी दीडशे. (ही मजुरी बायका धरतच नाहीत! "घरीच तर बसून केलं" म्हणतात.) भट्टीत फुटणाऱ्या मालाचे वीस, खोका आणि पेंढा वीस. झाले अडीचशे. त्यावर गटाचे पन्नास. म्हणजे घाऊक भाव तीनशे. दुकानदार ती साधारण दुप्पट भावाला, सहाशेला ठेवणार. त्याला जागेचं भाडं आहे, दिवाबत्ती आहे, विकणारी माणसं आहेत. ते त्याचं चुकत नाही. पण मग भीमथडीत आपणही ती सहाशेच्या आसपासच विकायची. आपण तिथं साडेतीनशेला दिली आणि त्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकानं बघितली, तर तो पुन्हा ऑर्डर देणार नाही. बैठकीत यावर बराच गलका झाला. "आपल्याच मडक्याला आपण सहाशे म्हणायचं?" हो, म्हणायचं.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर आपला कच्चा माल वाळत नाही, उघडी भट्टी लागत नाही. दुकानदाराला दिवाळीचा माल मात्र पावसाळ्यातच हवा असतो. तेव्हा ऑर्डर वसंतात घेऊन मे अखेर भाजून ठेवायचा, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. ऑक्टोबरात घेतलेली ऑर्डर उन्हाळ्याआधी देता येईल, पण त्यात सुगीचे आणि संक्रांतीच्या सुगडांचे दिवस येतात. पाचशे नग एकाच मापाचे मागितले तर किती हात लागतील, तेही मोजा. नोएडाच्या मेळ्यातला मोठा खरेदीदार कंटेनरच्या हिशेबानं बोलतो. शिवाय गाळ्यासाठी परिषदेचं सभासदत्व, प्रवास, नमुन्यांची वाहतूक. सात बायकांच्या गटानं बचत त्यात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग काय करायचं? हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिराचं ओळखपत्र काढून घ्यायचं. त्याला 'पहचान' कार्ड म्हणतात. सरस, भीमथडीत गाळा मिळाला तर पुढच्या बाजूला दहाच निवडक नमुने ठेवायचे, आणि मागं घाऊक भावाचा छापील कागद, किमान किती नग, किती दिवसांत, हे लिहिलेला. "दुकान आहे का तुमचं?" असं विचारायला लाजायचं नाही. आणि पुण्यातल्या तीन-चार दुकानांत, कलादालनांत आधी विचारून, वेळ घेऊन, नमुने घेऊन जायचं. लोणंदहून रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

तिथं एक जपायचं. काही जण म्हणतील, माल ठेवून जा, विकला की पैसे देऊ. चार-पाच नग असे ठेवायला हरकत नाही, लेखी पावती घेऊन, फुटलं तर कुणाचं हेही लिहून घेऊन. पण गटातून कर्ज काढून केलेला माल असा ठेवू नका. व्याज आपलं दर महिन्याला चालू असतं. ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आगाऊ मागा.

आमच्या गटानं येत्या वसंतात दोघींना नुसतं बघायला एखाद्या मोठ्या प्रदर्शनात पाठवायचं ठरवलंय, गाळा न घेता. त्या परत आल्या की याच कार्यक्रमात त्यांनाच बोलायला बसवू. नमस्कार.